इंटरनेट फोन बसवताना आणि बिघडल्यावर: सांगली-साताऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव आणि इकडे कराड-सातारा भागात तांब्याच्या लाइनी जाऊन फायबर आलं आणि टेबलावरचा फोन इंटरनेटवरून बोलायला लागला. फोन बसवायला किंवा दुरुस्तीला गेल्यावर घरी, पेढीवर, दवाखान्यात आम्हाला जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. आवाज तुटायला लागला की बहुतेक लोक मोठा प्लॅन घेतात आणि तक्रार तशीच राहते. तुमचे ते पैसे वाचावेत, एवढ्यासाठी खाली सविस्तर लिहिलं आहे.

इंटरनेट फोन म्हणजे नेमकं काय? व्हॉट्सॲप कॉल त्यातच येतो का?

येतो. तुमच्या आवाजाचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे होतात, ते नेटवरून जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. हे ज्यात होतं तो प्रत्येक फोन इंटरनेट फोनच. आपल्याकडे त्याचे चार प्रकार दिसतात. फायबरच्या डब्याला जोडलेला घरचा लँडलाइन, व्हॉट्सॲपसारखं ॲप, मोबाइलमधलं वाय-फाय कॉलिंग, आणि दुकान-ऑफिसातले एक्स्टेन्शनवाले आयपी फोन. बिघाडाची कारणं बरीचशी सारखी असली तरी उपाय वेगवेगळे आहेत. म्हणून तक्रार सांगताना आपला फोन यातला कोणता, हे आधी सांगा.

हे कायदेशीर आहे ना?

परवाना असलेल्या कंपनीकडून घेतलं असेल तर पूर्ण कायदेशीर आहे. इंटरनेटवरून साध्या फोनवर आणि मोबाइलवर कॉल करायची वाट दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना मोकळी करून दिली. बेकायदेशीर काय आहे, ते खाली सिम बॉक्सच्या प्रश्नात वाचा, आणि तो प्रश्न सोडून पुढे जाऊ नका.

वडिलांच्या काळापासूनचा ०२३३ चा नंबर आहे. तो राहील का?

त्याच कंपनीच्या तांब्यावरून त्याच कंपनीच्या फायबरवर जात असाल तर सहसा राहतो. अर्जावर जुना नंबर लिहून घ्या आणि पोच सांभाळून ठेवा. कंपनी बदलली तर मात्र लँडलाइनचा नंबर सोबत नेता येत नाही. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय आपल्याकडे मोबाइललाच आहे. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर आणि गिऱ्हाइकांच्या डायरीत तोच नंबर असेल, तर महिन्याचे शंभर रुपये वाचवायला तो घालवू नका.

जुना फोन चालेल, की नवा घ्यावा लागेल?

बटणांचा फोन चालतो. फायबरच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, मागे ‘टेल’ किंवा ‘फोन’ लिहिलेलं छोटं भोक असतं, त्यात पिन घालायची. फोनच्या खाली टोन आणि पल्स असं बटण असेल तर ते टोनवर ठेवा. बोट घालून फिरवायच्या डायलचा फोन घंटी वाजवेल, बोलणंही होईल, पण त्यावरून नंबर बहुधा लागणार नाही, कारण पुष्कळसे ओएनटी पल्स ओळखत नाहीत.

माडीवर आणि स्वयंपाकघरात जुन्या वायरीवर फोन आहेत. तेही चालू करता येतील?

येतात, पण एक काम आधी करा. बाहेरून येणारी तांब्याची जुनी जोडी रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीतून, पूर्ण सोडवा. ती जोडलेली ठेवून ओएनटीची वायर भिंतीतल्या वायरिंगला दिली, तर बाहेरच्या लाइनीतून येणारा विजेचा दाब थेट ओएनटीच्या फोन पोर्टवर जातो आणि पोर्ट जळतो. दोन्ही तारा सोडवून टोकांना टेप मारा, मगच ओएनटीवरून घरातल्या वायरिंगला जोड द्या. फोन दोन-तीनपेक्षा जास्त असतील तर घंटी दबकी वाजते. घंटी वाजवण्याची ताकद डब्यातूनच येते आणि ती मर्यादित असते.

लँडलाइनवरून मोबाइलच लागत नाहीत. लँडलाइनला लागतात.

मोबाइल नंबरच्या आधी शून्य लावा. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावावंच लागतं. आजीच्या फोनमध्ये बटणावर साठवलेले नंबरही शून्य लावून पुन्हा साठवा. ‘फोन बिघडला’ म्हणून आलेल्या तक्रारी आजही यानेच मिटतात.

नेट चालू आहे, पण फोन उचलला तर टोनच नाही.

ओएनटीवरचा फोनचा दिवा बघा. तो बंद असेल तर फोनची नोंदणी झालेली नाही, म्हणजे डब्याने कंपनीच्या यंत्राला ‘मी इथे आहे’ असं सांगितलेलं नाही. डबा बंद करा, दोन मिनिटं थांबा, चालू करा आणि पाच मिनिटं वाट बघा. तरीही दिवा आला नाही तर कंपनीला ‘व्हॉइस रजिस्टर होत नाही’ एवढंच सांगा. ‘फोन बंद आहे’ असं सांगितलं तर ते नेट तपासतात, नेट ठीक दिसतं आणि तक्रार बंद होते. दिवा चालू असून टोन नसेल तर फोन, त्याची वायर किंवा पिन यांत दोष आहे. शेजारचा चालू फोन थेट डब्यालाच लावून बघा.

डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय.

त्या दिव्याला ‘लॉस’ असं लिहिलेलं असतं. बाहेरून येणारा उजेड पोचत नाही, असा त्याचा अर्थ. घरात बघण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. एक, पिवळी किंवा पांढरी बारीक पॅच कॉर्ड कुठे दुमडली आहे का, खिळ्याला गुंडाळली आहे का, कपाटामागे चेपली आहे का. आतली काचेची तार तुटते आणि बाहेरून कळत नाही. दोन, पिनचा रंग. हिरवी पिन हिरव्या भोकात आणि निळी निळ्यात. हिरवी पिन निळ्यात घुसते, पण टोकाची घासणी तिरकी असल्याने उजेड वाया जातो आणि लाइन अर्धवट चालते.

सुटलेल्या पिनच्या टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यात जातो. मुलांनाही हे सांगून ठेवा.

घरात सगळं ठीक असेल तर बाहेर लाइन तुटली आहे. आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की हे वाढतं. उंच भरलेली उसाची ट्रॉली रस्त्यावर लोंबणारी केबल ओढून नेते, आणि मग अख्ख्या गल्लीचं नेट जातं. तुमच्या दारावरून जाणारी केबल लोंबत असेल तर हंगामाआधीच केबलवाल्याकडून उंच बांधून घ्या.

पावसात लाइन येते-जाते अशी तक्रार असेल तर दुरुस्तीला आलेल्या माणसाला ओएनटीच्या सेटिंगच्या पानावरची ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाची ताकद, दाखवायला सांगा. ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान हवी. उणे २६-२७ च्या काठावर असेल तर जॉइंट कच्चा आहे, तो नव्याने मारून घ्या.

लाइट गेली की फोन जातो. पूर्वी असं होत नव्हतं.

पूर्वी एक्स्चेंजमधून तांब्याच्या तारेवरच ४८ व्होल्ट यायचे, म्हणून घर अंधारात असलं तरी फोन जिवंत असायचा. काचेच्या तारेतून वीज येत नाही. त्यामुळे ओएनटीला आणि वेगळा राउटर असेल तर त्यालाही तुमच्याकडूनच बॅटरी द्यावी लागते. ज्या घरात म्हातारी माणसं एकटी असतात तिथे हा खर्च मी आग्रहाने करायला लावतो.

छोटा यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं, अँपिअर मात्र वेगवेगळे. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनच्या आतबाहेरचे प्लस-मायनसही जुळले पाहिजेत, नाहीतर डबा जातो. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचं सॉकेट त्याच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. नाहीतर लाइट जाताना क्षणभर झटका बसतो, डबा पुन्हा सुरू होतो आणि फोन यायला तीन-चार मिनिटं जातात.

तुमच्याकडे बॅटरी असूनही लाइट गेल्यावर नेट जात असेल, तर केबलवाल्याच्या खांबावरच्या किंवा जिन्याखालच्या स्विचला बॅकअप नाही. हे त्याचं काम आहे. त्याला तसं सांगा.

सांगलीत नदीकाठी राहणाऱ्यांसाठी आणखी एक. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. तळमजल्यावर डबा शक्य तेवढा उंच लावा. आणि पुराच्या इशाऱ्याच्या दिवसांत या फोनच्या भरवशावर राहू नका. मोबाइल आणि पॉवर बँक भरून ठेवा.

बोलण्यासाठी किती स्पीडचा प्लॅन हवा?

सर्वात लहान पुरतो. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीने एका कॉलला जाताना साधारण ९० आणि येताना तेवढेच केबीपीएस लागतात. तासभर बोललात तर दोन्ही बाजू मिळून ८० एमबीच्या आसपास. जी.७२९ पद्धतीत याच्या निम्म्याहून कमी. ४० एमबीपीएसच्या लाइनवर हे काहीच नाही.

मग आवाज का तुटतो?

कारण आवाजाचे तुकडे वेळेवर पोचत नाहीत. पाट कितीही रुंद असला तरी पाळीचं पाणी ठरल्या वेळेला आलं नाही तर पीक वाळतं, तसंच हे. बोलताना एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्याच्या वर गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. पण उशीर सारखाच असेल तर कान जुळवून घेतो. एक तुकडा २० मिलीसेकंदांत, पुढचा २०० मध्ये, असं झालं की शब्द गळतात.

दोष घरात आहे की बाहेर, हे कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत कळतं. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, आधी राउटरला पिंग करा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा, त्याचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असतो. शंभरेक उत्तरं येऊ द्या. सगळी एक-दोन मिलीसेकंदांची आली तर घर ठीक. मध्येच ८०, ३००, ‘टाइम आउट’ असं दिसलं तर दोष तुमच्या वाय-फायमध्ये आहे आणि कंपनीला फोन करून उपयोग नाही. घर ठीक दिसलं तर ८.८.८.८ या गुगलच्या बाहेरच्या पत्त्याला पिंग करा. तिथे आकडे उड्या मारत असतील तर त्याचा फोटो काढून कंपनीला पाठवा. पुरावा असला की माणूस लवकर येतो.

वाय-फायचा दोष निघाला तर राउटर टीव्हीच्या शोकेसमधून किंवा फ्रिजमागून बाहेर काढा. वाई-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत दगडी भिंती हात-दीड हात जाड असतात, त्यातून वाय-फाय जात नाही. तिथे केबल टाकून पलीकडे दुसरा राउटर लावा. भिंतीत खोचायचे स्वस्त रिपीटर बोलण्याच्या कामाचे नाहीत, ते उशीर वाढवतात. टेबलावरचा आयपी फोन तर नेहमी केबलनेच जोडा.

राहिलं अपलोड. याकडे कोणी बघत नाही. मार्केट यार्डातल्या पेढीवर आठ कॅमेरे आणि त्यांचं चित्रण सतत क्लाउडवर चढतंय, अशा ठिकाणी मालकाला समोरच्याचं स्पष्ट ऐकू येतं, पण समोरच्याला मालकाचं तुटक ऐकू येतं. बेदाण्याच्या सौद्याच्या वेळी भाव अर्धवट ऐकू आला तर नुकसान खरंखुरं होतं. राउटरमध्ये ‘क्यूओएस’, म्हणजे कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवायची सोय, असेल तर फोनला पहिला मान द्या, आणि कॅमेऱ्यांचं अपलोड कमी करा किंवा रात्रीवर टाका.

माझाच आवाज मला परत ऐकू येतो.

हा दोष जवळजवळ नेहमी पलीकडच्याच्या फोनमध्ये असतो. त्याच्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज त्याच्या माइकमध्ये शिरतो. त्याला आवाज कमी करायला किंवा स्पीकर बंद करायला सांगा. तुमचा फोन बदलून फरक पडणार नाही.

मी बोललेलं त्यांना ऐकू येतं, त्यांचं मला नाही.

ऑफिसच्या आयपी फोनची ही सर्वात जुनी तक्रार. तुमचा फोन राउटरच्या आत खासगी पत्त्यावर असतो आणि समोरचं यंत्र आवाज त्या खासगी पत्त्यावर पाठवत बसतं. राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाची सोय असते. मदतीला म्हणून दिलेली, पण बहुतेक राउटरमध्ये ती घोटाळाच करते. आधी ती बंद करा, राउटर आणि फोन दोन्ही पुन्हा सुरू करा. तरी नाही झालं तर फोनमध्ये ‘स्टन’ सर्व्हर भरा. कंपनी काय भरायचं ते सांगते.

स्थानिक केबलवाल्याचं नेट असेल तर अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला असतो. तुमची एक्स्चेंज पेटी, म्हणजे एक्स्टेन्शन जोडणारं यंत्र, ऑफिसातच असेल तर त्यावर बाहेरचे फोन जोडता येत नाहीत. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा पत्ता, मागून घ्या.

कॉल बरोबर अर्ध्या मिनिटाने कटतो.

घड्याळ लावून बघा. ३२ सेकंद भरले तर कारण ठरलेलं आहे. फोन उचलल्याची पोच परत पोचत नाही, आणि नियमाप्रमाणे यंत्र तेवढा वेळ वाट बघून कॉल सोडतं. उपाय वरचाच, सिप एएलजी बंद. दर वेळी १५ किंवा ३० मिनिटांनी कटत असेल तर ‘सेशन टायमर’ जुळत नाही, ते कंपनीला सांगा. कधी दोन मिनिटांनी, कधी दहा मिनिटांनी असं अनियमित कटत असेल तर लाइन किंवा वाय-फाय तपासा.

बाहेर फोन लागतो, पण आलेल्या फोनची घंटी वाजत नाही.

फोन बराच वेळ शांत राहिला की राउटर त्याची वाट बंद करतो. मग बाहेरचा कॉल आत येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘कीप अलाइव्ह’ चालू करून २०-३० सेकंद ठेवा. मोबाइलमधलं ॲप असेल तर बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमधून ते वगळा. आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ चुकून दाबलेलं नाही ना, हे पहिल्यांदा बघा.

बँकेला फोन केला, ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणतात. दाबलं तरी काही होत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये ‘डीटीएमएफ’ शोधा आणि ते ‘आरएफसी २८३३’ वर ठेवा. बटणाचा आवाज आवाजातूनच पाठवला तर वाटेत बिघडतो.

आयपी फोनच्या पडद्यावर आकडे येतात, त्यांचा अर्थ काय?

४०३ म्हणजे पासवर्ड चुकला किंवा त्या नंबरला परवानगी नाही. ४०४ म्हणजे असा नंबरच नाही, बहुधा शून्य किंवा एसटीडी कोड राहिला. सांगली ०२३३, सातारा ०२१६२, कराड ०२१६४. ४०८ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलंच नाही, नेट बघा. ४८६ म्हणजे समोरचा बोलतोय. ४८८ म्हणजे दोन्हीकडच्या आवाजाच्या पद्धती जुळत नाहीत, जी.७११ चालू आहे का बघा. ५०३ आलं तर थांबा, बिघाड कंपनीकडे आहे.

आमच्या गावात मोबाइलला रेंज नाही, पण घरी नेट आहे.

पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरकपारीतल्या गावांसाठी वाय-फाय कॉलिंगसारखी दुसरी सोय नाही. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सिमच्या पानावर ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा. नंबर तोच राहतो, ॲप लागत नाही आणि पलीकडच्याला काहीच करावं लागत नाही. हँडसेटमध्ये ती सोय हवी, एवढीच अट. सीमेवर असलेल्या मुलाचा फोन आईला अंगणात जाऊन रेंज शोधत घ्यावा लागत असेल, तर हे आजच चालू करून द्या.

मुलगा दुबईला आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, कॉल लागत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल अडवलेले आहेत. तुमच्या फोनमध्ये दोष नाही. तिथे परवानगी असलेलं ॲप मुलालाच विचारा आणि तुमच्याकडेही तेच टाका. व्हीपीएनच्या वाटेला त्याला लावू नका, तिथले कायदे कडक आहेत.

दवाखान्यात चार एक्स्टेन्शन बसवायचे आहेत. काय सांभाळायचं?

पासवर्ड. १०१ नंबरच्या एक्स्टेन्शनला १०१ हाच पासवर्ड ठेवलेला आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. नेटवर रात्रंदिवस ५०६० या पोर्टवर अशी यंत्रं शोधणारे असतात. एकदा सापडलं की शनिवारी रात्री तुमच्या लाइनवरून परदेशी महागडे कॉल सुरू होतात आणि सोमवारी बिल तुमच्या नावावर असतं. लांब पासवर्ड ठेवा, पेटीचा मूळचा ‘ॲडमिन’ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि गरज नसेल तर आयएसडी कंपनीकडूनच बंद करून घ्या.

‘घरात एक यंत्र ठेवा, महिन्याला भाडं देतो’ असं कोणी म्हणतं.

ठेवू नका. तो सिम बॉक्स असतो. परदेशातून नेटवरून आलेले कॉल त्यातून भारतीय मोबाइल नंबरचे म्हणून पुढे पाठवले जातात, आणि फसवणूक करणाऱ्या टोळ्या ते वापरतात. हा गुन्हा आहे आणि पोलीस ज्याच्या घरात यंत्र सापडलं त्याच्याकडे आधी येतात. स्वतःच्या नावावरची सिमही कोणाला देऊ नका.

‘दोन तासांत तुमचा फोन बंद होईल, नऊ दाबा’ असे कॉल आले तर कट करा. सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर ‘चक्षू’मध्ये असे नंबर कळवता येतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

११२ लागतो का?

फायबरच्या लँडलाइनवरून आणि मोबाइलवरून लागतो. व्हॉट्सॲपवरून नाही. घरातल्या लहानथोरांना हा फरक माहीत असू द्या.

फॅक्स चालेल?

जी.७११ वर कधी चालतो, कधी नाही. ‘टी.३८’ची सोय कंपनीकडे असेल तर भरवशाने चालतो. नसेल तर स्कॅन करून ईमेल करा.

तक्रार करूनही कोणी येत नाही.

प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर मागा आणि तारखेसह लिहून ठेवा. तक्रार करताना फोनचा प्रकार, कोणता दिवा कसा आहे, दोष सतत आहे की ठरावीक वेळी, आणि पिंगचा फोटो एवढं द्या. न सोडवताच तक्रार बंद केली तर त्याच डॉकेट नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. प्रत्येक कंपनीला ते ठेवावंच लागतं आणि त्याचा पत्ता तिच्या संकेतस्थळावर असतो. अपिलाला पैसे लागत नाहीत. केबलवाल्याच्या माणसाला तोंडी सांगितलेलं मात्र तक्रार म्हणून कुठेच नोंदलं जात नाही.